घरचा हिशेब, गावचा हिशेब : सीमाभागातले मत, बातमी आणि शाळा

निपाणी आणि कागल यांच्यात महामार्गाने अर्ध्या तासाचे अंतर. मधे कोगनोळीचा टोलनाका आणि दोन राज्यांची हद्द. निपाणीच्या बाजूला घरातल्या कर्त्या बाईला ‘गृहलक्ष्मी’चे महिना २,००० रुपये, कागलच्या बाजूला ‘लाडकी बहीण’चे १,५००. वरवर पाहता कर्नाटक उदार. पण गृहलक्ष्मी घरटी एकीलाच मिळते, रेशन कार्डावर जी कुटुंबप्रमुख आहे तिला. लाडकी बहीण वयाच्या आणि उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या सासूला आणि सुनेला, दोघींनाही मिळू शकते. म्हणजे दोन बायकांच्या घरात २,००० विरुद्ध ३,००० असा हिशेब उलटतो. त्यात आता बस धरा. कर्नाटकात जून २०२३ पासून बायकांना साध्या बसचे तिकीट नाही. महाराष्ट्रात एसटीला त्याच वर्षीच्या मार्चपासून अर्धे. रोज निपाणीहून चिकोडीला कामाला जाणारी बाई असेल तर पारडे पुन्हा कर्नाटकाकडे झुकते. सीमाभागातल्या कोणत्याही बाईला विचारा, हे गणित ती तोंडी करून दाखवील.

हीच माणसे मत द्यायला, पेपर वाचायला किंवा पोराला शाळेत घालायला निघाली की त्यांच्याविषयी लिहिणारे मात्र एकदम भावनेची भाषा बोलू लागतात. एक गट म्हणतो अस्मिता जागी आहे, दुसरा म्हणतो अस्मिता संपली. सत्तर वर्षांच्या सीमाप्रश्नावर इतिहासाचे आणि अन्यायाचे लेखन भरपूर झाले, आणि ते हवेच होते. घरातला रोजचा हिशेब राजकारण, वर्तमानपत्रे आणि शिक्षण या तिघांना लावला तर काय दिसते आणि काय निसटते, याचा आढावा मात्र क्वचितच घेतला जातो.

हिशेबाची परंपरा

ही विचारपद्धत सीमाभागाला परकी नाही. मार्च १९८१ मध्ये शरद जोशी आणि प्रा. सुभाष जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी पुणे-बेंगळुरू महामार्ग अडवला. गाऱ्हाणे साधे होते. वखारीत माल टाकला की प्रत ठरवणार व्यापारी, भाव ठरवणार तोच आणि पैसे कधी द्यायचे तेही तोच ठरवणार. मराठी आणि कन्नड शेतकरी एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी बसले. ६ एप्रिलला पोलिसांनी आंदोलन मोडले, गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. सीमाप्रश्न तेव्हा पंचवीस वर्षांचा होता आणि निपाणीत तो पुरेपूर जिवंत होता. तरीही घामाच्या दामाचा प्रश्न आला तेव्हा भाषा आड आली नाही.

त्याच्याही आधी, १९५५ साली, भाषिक राज्यांवर लिहिताना डॉ. आंबेडकरांनी अर्थशास्त्रज्ञाच्या नजरेने प्रश्न मांडला होता. एका राज्याची भाषा एक असावी. पण एका भाषेचे सगळे लोक एकाच राज्यात कोंबलेच पाहिजेत असे नाही, हे त्यांचे म्हणणे. लोकसंख्या किती, राज्याला स्वतःचा खर्च झेपेल का, अल्पसंख्याकांचे काय होईल, हे त्यांनी आधी तपासले. त्या गदारोळात ते फारसे कोणी ऐकले नाही.

परदेशात याच सुमारास या विचाराचे शास्त्र होत होते. १९५६ साली, म्हणजे बेळगाव म्हैसूर राज्यात गेले त्याच वर्षी, चार्ल्स टीबो या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने मांडले की माणूस मतपेटीखेरीज पायांनीही मत देतो. कर आणि सोयी पाहून तो गाव बदलतो. पुढच्या वर्षी अँथनी डाउन्सने दाखवले की एका मताने निकाल फिरत नसल्यामुळे मतदाराने फार माहिती न काढणे हे त्याच्यापुरते शहाणपणाचेच असते. १९६५ मध्ये मँकर ऑल्सनने सांगितले की जे सगळ्यांच्या फायद्याचे असते त्यासाठी झिजायला कोणी पुढे येत नाही. आणि १९७० मध्ये अल्बर्ट हर्शमनने म्हटले की बिघडलेल्या संस्थेतून माणूस एकतर निघून जातो, नाहीतर आवाज उठवतो. मात्र ज्यांचा आवाज सर्वांत जड असतो तेच बहुधा आधी निघून जातात.

यातले टीबोचे म्हणणे सीमेवर थोडे वेगळे वळण घेते. इथे माणूस जागचा न हलता हद्दच हलवण्याची भाषा करतो. महाराष्ट्रातल्या जत तालुक्यातल्या काही गावांनी पाणी मिळत नाही म्हणून कर्नाटकात जाण्याचा ठराव केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी तो ठराव बाहेर काढला आणि मुंबईत म्हैसाळच्या विस्तारित पाणी योजनेची फाईल घाईने हलू लागली. वर्षानुवर्षांच्या अर्ज-विनंत्यांनी जे होत नव्हते ते ‘आम्ही जातो’ म्हटल्यावर होऊ लागले. उलट बाजूने महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये ८६५ सीमागावांना आपली आरोग्य योजना लागू केली आणि कर्नाटकाने त्याला हरकत घेतली. दोन सरकारे एकाच माणसाला आपला म्हणू लागली की त्या माणसाचा भाव वाढतो.

मताचा भाव

राजकारणातले सर्वांत बोलके उदाहरण १९९६ चे. त्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे राहिले. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष जावे, मतपत्रिका चादरीएवढी व्हावी, यंत्रणेची दमछाक व्हावी, हा महाराष्ट्र एकीकरण समितीचा डाव होता. तेव्हा खुल्या गटातल्या उमेदवाराची अनामत होती ५०० रुपये. सगळ्यांची जप्त झाली असे धरले तरी हा निषेध सव्वादोन लाखांच्या आसपास पडतो. देशभर नाव होण्याच्या मानाने स्वस्तच. त्याच वर्षी तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंड्यात फ्लोराइडयुक्त पाण्याच्या प्रश्नावर ४८० जण उभे राहिले होते. संसदेने लगेच कायदा बदलून अनामत १०,००० केली. पुढे ती २५,००० झाली. या दराने ४५६ उमेदवार उभे करायचे तर १ कोटी १४ लाख लागतात. २०१९ मध्ये समितीने पुन्हा हाच मार्ग धरला तेव्हा रिंगणात एकूण ५७ उमेदवार होते. निषेध करणारे थकले, अस्मिता ओसरली, अशी कारणे तेव्हा दिली गेली. दर पन्नास पट झाला होता, हे कारण मात्र फारसे कोणी दिले नाही.

दुसरे उदाहरण एप्रिल २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीचे. भाजपच्या मंगला अंगडी काँग्रेसच्या सतीश जारकीहोळींपेक्षा फक्त ५,२४० मतांनी पुढे राहिल्या. समितीच्या शुभम शेळके यांना लाखाहून अधिक मते पडली. अनेकांना वाटले, समिती परतली. पाच महिन्यांनी बेळगाव महापालिकेची निवडणूक झाली. भाजपने ५८ पैकी ३५ जागा घेतल्या आणि समितीच्या हाती मोजक्या राहिल्या. विधानसभेतही तेच. २०१३ मध्ये समितीचे दोन आमदार होते, २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही.

ही माणसे लहरी आहेत का? हिशेब मांडून पाहा. पोटनिवडणुकीत दिल्लीचे सरकार बदलणार नव्हते. मत देऊन मनातले सांगता येत होते आणि पदरचे काही जात नव्हते. नगरसेवक किंवा आमदार निवडताना गटार, रस्ता, घरकुल, पोलीस ठाण्यातला फोन आणि बदलीची चिठ्ठी पणाला लागते. कायम विरोधात बसणारा आमदार या कामांत अडतो, हे मतदार ओळखून असतो. निपाणी विधानसभेत २०१३ पासून तीनदा शशिकला जोल्ले भाजपकडून निवडून आल्या. सहकारी संस्था, पतपेढी आणि साखर कारखाना यांच्या जाळ्यावर उभे राहिलेले राजकारण तिथे भाषेच्या प्रश्नावर मात करते. ऊस वेळेत तुटणे आणि कर्ज वेळेत मिळणे यांना शेतकऱ्याच्या घरात ठरलेली किंमत आहे. सीमाप्रश्न सुटण्याची तारीख कोणालाच सांगता येत नाही. समितीतल्या फुटीने या हिशेबात भर घातली. एकाच मतदारसंघात दोन-दोन ‘अधिकृत’ उमेदवार उभे राहिले की मत वाया जाणार हे आधीच दिसते आणि काठावरचा माणूस आधीच दुसरीकडे सरकतो.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू टीकाकारांच्या नजरेतून सुटते. मराठी मत समितीकडे बांधलेले होते तोवर राष्ट्रीय पक्षांना त्याच्यावर खर्च करण्याचे कारण नव्हते. ते सुटे झाले आणि बोली सुरू झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये येडियुरप्पा सरकारने मराठा विकास महामंडळ जाहीर केले. मार्च २०२३ मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, येळ्ळूरच्या राजहंसगडावरच्या शिवपुतळ्याचे अनावरण चार दिवसांत दोनदा झाले. आधी भाजपचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी केले, मग काँग्रेसच्या आमदार लक्ष्मी हेब्बाळकर यांनी. पुढे समितीने गडावर शुद्धीकरणाचा कार्यक्रम केला. एका पुतळ्यासाठी तीन पक्षांनी गड चढावा, हे मराठी मताला बाजारात भाव आल्याचे लक्षण आहे. मात्र भाव कशात मिळाला तेही पाहावे. पुतळा मिळाला, महामंडळ मिळाले. मराठीतून अर्ज किंवा मराठी शिक्षकाची नेमणूक त्या बोलीत आली नाही. मतदाराने जे मागितले ते मिळाले. जे सामाईक होते ते कोणी मागितले नाही.

बातमीचा भाव

बेळगावात मराठी वर्तमानपत्राची मुळे खोल आहेत. बाबूराव ठाकूर यांनी ‘तरुण भारत’ १९१९ मध्ये इथे सुरू केला. कोल्हापूरच्या ‘पुढारी’चाही या भागात मोठा वाचक आहे. कन्नडसक्तीविरुद्धच्या १९८६ च्या आंदोलनात आणि त्यानंतरच्या प्रत्येक वळणावर मराठी पेपर हे बातमीपत्र होते तसेच संघटनेचे साधनही होते.

पेपरचा धंदा दोन गिऱ्हाइकांवर चालतो. वाचक देतो त्या पैशात कागद आणि छपाईसुद्धा नीट भागत नाही. बाकीचे जाहिरातदार देतो. सीमाभागात हा जाहिरातदार म्हणजे सराफ, पतसंस्था, शाळा-कॉलेजे, क्लासवाले, वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे कार्यकर्ते आणि सरकार. म्हणजे ज्या संस्थांची चौकशी पेपरने करावी, त्यांच्यापैकी पुष्कळ त्याच्या जाहिरातदारही असतात. हे दुखणे कोण्या एका गावाचे किंवा एका पेपरचे नाही. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीतल्या विकत घेतलेल्या बातम्यांचा प्रश्न पी. साईनाथ यांनी उघड केला आणि २०१० मध्ये प्रेस कौन्सिलला त्यावर चौकशी करावी लागली, तेव्हा रोग देशभरचा आहे हे दिसलेच.

पण वाचकाने आपली सुटका करून घेऊ नये. मॅथ्यू जेन्ट्झकोव आणि जेसी शापिरो यांनी अमेरिकी दैनिकांचा २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो की पेपरचा कल मालकाच्या मतापेक्षा वाचकांच्या मताकडे जास्त झुकलेला असतो. सीमाभागाला हे लावून पाहावे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ बसमध्ये भाषेवरून वाद झाला, कन्नड वाहकाला मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांच्या बसगाड्या हद्दीवर थांबल्या. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या नाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली तेव्हाही वाहतूक ठप्प झाली होती. अशा दिवसांत मराठी वाचकाला मराठी माणसावरचा अन्याय वाचायचा असतो, कन्नड वाचकाला कन्नड माणसावरचा. दोघांनाही आपापला माल मिळतो. चंदगडहून बेळगावच्या दवाखान्यात निघालेला रुग्ण, शिनोळीच्या कारखान्यात पाळीला जाणारा कामगार, भाजी घेऊन बाजाराला निघालेली बाई, वडापला दुप्पट पैसे मोजणारा विद्यार्थी, यांचे नुकसान दोन्ही भाषांत सारखेच असते आणि म्हणूनच ते कोणत्याही एका बाजूची बातमी होत नाही.

संथ गोष्टींचेही तेच. सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला २००४ मध्ये. तारीख पडली की मथळा, नाही पडली की शांतता. एखाद्या मराठी शाळेतला शिक्षक निवृत्त झाला आणि जागा भरली गेली नाही, याचा तर मथळाच होत नाही. आता फुकटच्या मोबाइल बातम्यांनी ही निवड आणखी बिघडवली. तिथे पैसे क्लिकवर आहेत आणि क्लिक रागावर मिळते. बातमी फुकट झाली तेव्हा वाचक गिऱ्हाईक राहिला नाही. त्याचे लक्ष हाच विक्रीचा माल झाला.

शाळेचा भाव

या तिन्हींत सर्वांत गुंतागुंतीचा हिशेब शाळेचा. कायद्याची चौकट थोडक्यात अशी. घटनेचे ३५० क हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला राज्याला सांगते. कर्नाटकाने १९९४ मध्ये प्राथमिक वर्गांसाठी मातृभाषा किंवा कन्नड माध्यम सक्तीचे केले. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा, सरकारला ते लादता येणार नाही. २०१५ च्या कायद्याने मात्र कन्नड ही भाषा सर्व शाळांत शिकवणे बंधनकारक झाले.

आता पालकाच्या जागी बसा. गावातली सरकारी मराठी शाळा फुकट; पुस्तके फुकट, दुपारचे जेवण फुकट. इंग्रजी शाळेत फी, व्हॅन, गणवेश, वर शिकवणी. तरी पोर व्हॅनमध्ये चढते. कारण पालक आजचा खर्च मोजत नाही, पंधरा वर्षांनंतरचे दार मोजतो. कर्नाटकात सरकारी नोकरी हवी तर चांगली कन्नड हवी. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात कामगारापुढे जायचे तर इंग्रजी हवी. पुण्याला जायचे तरी इंग्रजीच. मराठी माध्यमातल्या पोराला या दोन्ही भाषा वरून शिकायच्या आहेत. इंग्रजी हे हद्दीच्या दोन्ही बाजूंना चालणारे नाणे आहे, म्हणून भाषेच्या भांडणात सर्वांत जास्त फायदा तिसऱ्या भाषेचा झाला.

हे फक्त सीमाभागात घडते असे नाही. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी दादरच्या मराठी आणि इंग्रजी शाळांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्वदच्या दशकात इंग्रजीचे मोल वाढले तरी कष्टकरी जातींतली मुले मराठी शाळांतच राहत होती, कारण जातीच्या ओळखीवर चालणाऱ्या पारंपरिक नोकऱ्यांची वाट त्यांच्यासाठी उघडी होती. त्याच घरांतल्या मुली मात्र इंग्रजीकडे वळल्या. त्यांना ती वाट कधीच नव्हती, म्हणून त्या वाटेने अडकवलेही नाही. माध्यम निवडताना घर प्रेमाबरोबर ओळखीच्या नोकऱ्याही मोजते, हे त्यातून कळते.

संस्थांनीही हद्दीचा हिशेब केला. निपाणीला लागून असलेले देवचंद कॉलेज १९६१ मध्ये अर्जुननगरला उभे राहिले. पत्ता तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर; विद्यार्थी मोठ्या प्रमाणावर निपाणी भागातले; पदवी आज शिवाजी विद्यापीठाची. उलट दिशेने, १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचे मुख्यालय बेळगावात आले आणि इथल्या अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांत महाराष्ट्रातली मुले येतात. महाराष्ट्राने व्यावसायिक अभ्यासक्रमांत सीमाभागातल्या मराठी भाषिकांसाठी जागा राखल्या. त्यात अट मातृभाषेची आहे, माध्यमाची नाही. इंग्रजी शाळेत शिकलेले मराठी घरातले मूलही त्या जागेला पात्र. पालकाच्या दृष्टीने हे न्याय्यच. पण ज्या सवलतीने मराठी शाळेला आधार मिळेल असे वाटत होते, ती शाळेपर्यंत पोहोचत नाही.

आणि इथे हर्शमन पुन्हा आठवतो. शिकलेल्या पालकाने मूल काढून नेले की शाळा समितीच्या बैठकीत बोलणारा माणूस गेला. पट घटला, शिक्षक कमी झाले, दोन वर्ग एकत्र बसले. ते पाहून पुढचा पालक निघाला. प्रत्येकाचा निर्णय आपल्या जागी बरोबर आणि सगळ्यांचा मिळून परिणाम कोणालाच नको असलेला.

हिशेब कुठे अडतो

या साऱ्या मांडणीवर दोन आक्षेप आहेत आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की बाजारभाव म्हणायला निवडीला वाव लागतो. अर्ज, उतारा, नोटीस फक्त कन्नडमध्ये असेल आणि ते दुसऱ्याकडून लिहून-वाचून घ्यावे लागत असेल, तर तो खर्च माणसाने निवडलेला नसतो, त्याच्यावर बसवलेला असतो. २०२४ च्या दुरुस्तीने दुकानाच्या फलकावर ६० टक्के कन्नड बंधनकारक केली. फलक रंगवण्याचा खर्च दुकानदाराचा, ठरवणारे दुसरेच. मराठी शिक्षकच नेमला नाही आणि मग ‘पालकांनीच इंग्रजी निवडली’ म्हटले, तर सत्तेचे काम हिशेबाच्या नावावर खपते.

दुसरा आक्षेप अमर्त्य सेन यांनी १९७७ मध्ये एका गाजलेल्या निबंधात घेतला. फक्त स्वतःचा फायदा पाहणारा माणूस हा त्यांच्या लेखी शहाणा मूर्ख. बांधिलकी नावाची गोष्ट त्याच्या गणितात बसतच नाही. दर १ नोव्हेंबरला बेळगावात काळ्या दिनाच्या फेरीत चालणाऱ्याचा दिवस बुडतो, वर गुन्हा दाखल झाला तर कोर्टाच्या तारखा. मिळकत शून्य. तरी तो चालतो. त्याला भोळा म्हणणारे शास्त्र अपुरे आहे.

पण बांधिलकीलाही हिशेब चुकत नाही, हे सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने दाखवले. १९६७ च्या अहवालाने निपाणी आणि खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे कर्नाटकाला देण्याची शिफारस केली. बेळगाव शहर कर्नाटकात ठेवले. कर्नाटकाने अहवाल मानला, महाराष्ट्राने नाकारला. बेळगावशिवाय तोडगा नको, यात तत्त्व होते आणि व्यवहारही, कारण खानापूरची बाजारपेठ बेळगावच. तरीही या नकाराची किंमत कोणी मोजली, तर ती निपाणीकराने आणि खानापूरकराने, आणि त्यांना कोणी स्वतंत्रपणे विचारले नव्हते. तो नकार योग्य असेलही. पण त्याची किंमत कधी जाहीरपणे मांडली गेली नाही.

सत्तर वर्षांचा आढावा घेतल्यावर हाती लागते ते हे: सीमाभागातल्या घराचा हिशेब चोख आहे, गावचा हिशेब कोणाच्याच वहीत नाही. मतदार आपले गटार मोजतो, पेपर आपला खप मोजतो, पालक आपले मूल मोजतो. मराठी शाळांचा पट, शिक्षकांच्या रिकाम्या जागा, मराठीत मिळणारे आणि न मिळणारे अर्ज, बस बंद राहिलेले दिवस आणि त्यात बुडालेली मजुरी, हे एकत्र कोणी मोजत नाही. जे मोजले जात नाही ते मागितले जात नाही, आणि न मागितलेले कोणता पक्ष देत नाही.

हे काम अवघड नाही. या भागात गल्लोगल्ली पतसंस्था आणि सहकारी सोसायट्या आहेत. वार्षिक सभेच्या आधी छापील अहवाल सभासदाच्या हाती पडला नाही तर इथला माणूस अध्यक्षाला उभे करून जाब विचारतो. ऑल्सन म्हणतो तसे मोठा समूह हलत नाही, पण ओळखीची लहान मंडळी हलतात, आणि अशा मंडळींची इथे वाण नाही. प्रश्न कोर्टात सुटो वा न सुटो, दहा गावांनी आपल्या मराठी शाळांचा आणि मराठी कागदांचा वार्षिक अहवाल छापून उमेदवारापुढे आणि संपादकापुढे ठेवला, तर पुढच्या निवडणुकीत बोली पुतळ्यावर थांबणार नाही. शिक्षकाच्या रिकाम्या जागेचीही किंमत पक्षांना सांगावी लागेल.